रात्रीच्या कोकणासाठी कोणती लेन्स? फास्ट अल्ट्रा-वाइड प्राइमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की, आणि पुन्हा गणपतीत, नवा मिररलेस कॅमेरा गळ्यात अडकवून कुणी ना कुणी घरी येतंच. प्रश्न ठरलेला असतो: किट लेन्सवर रात्रीचं काही येत नाही, वाइड आणि फास्ट अशी एकच लेन्स घ्यायची आहे, कोणती घेऊ? रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं रात्रीचे फोटो काढतो आहे. पुन्हा पुन्हा द्यावी लागलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) बहुतेकांना इथे २० मिमी एफ/१.८ पुरते, आणि लेन्सच्या पुढे साधा फिल्टर लावता येणं ही गोष्ट आपल्या खाऱ्या वाऱ्यात अर्ध्या-पाऊण स्टॉपच्या उजेडापेक्षा जास्त मोलाची आहे. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.)

अल्ट्रा-वाइड म्हणजे किती मिमी? आणि ‘फास्ट’ म्हणजे काय?

लेन्सवरचे मिमी म्हणजे तिची फोकल लेंग्थ; आकडा जितका लहान, तितकं जास्त रुंद दिसतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या खाली गेलात की अल्ट्रा-वाइड सुरू होते. २४ स्वतः वेशीवर आहे. कर्णाच्या दिशेने मोजलं तर २४ मिमीमध्ये ८४ अंश दिसतात, २० मध्ये ९४, १६ मध्ये १०७ आणि १४ मध्ये ११४. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स. फास्ट म्हणजे अपर्चर, उजेड आत घेणारं भोक, मोठं उघडणारी; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. इतक्या वाइडमध्ये एफ/२ किंवा त्याहून मोठं उघडत असेल तर मी तिला फास्ट म्हणतो. किट लेन्स वाइड टोकाला बहुधा एफ/३.५ असते. एफ/१.८ तिच्या जवळजवळ चौपट उजेड आत घेते. म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० लागत होता, तिथे तोच फोटो ३२०० वर निघतो.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे. मग हे आकडे कसे वाचायचे?

क्रॉप म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर; एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स ही त्याची दोन मापं. सोनी, निकॉन, फुजी यांच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर दीडने गुणा, कॅननच्या एपीएस-सीवर १.६ ने आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. १६ मिमीची लेन्स सोनीच्या क्रॉप कॅमेऱ्यावर २४ सारखी दिसते, १३ मिमी साधारण २० सारखी, ११ मिमी साडेसोळा-सतरासारखी. पुढे मी जिथे २० म्हणतो, तिथे क्रॉपवाल्यांनी १३ समजावं.

१४, १६, २० की २४? नक्की कोणती?

तुम्ही कशासमोर उभे राहणार आहात त्यावर हे ठरतं. म्हणून आधी एक हिशेब. कॅमेरा आडवा धरून दहा फुटांवरच्या भिंतीचा फोटो काढलात, तर २४ मिमीमध्ये भिंत पंधरा फूट रुंद येते, २० मध्ये अठरा, १६ मध्ये साडेबावीस आणि १४ मध्ये जवळजवळ सव्वीस फूट. आपलं जुनं माजघर डोळ्यांसमोर आणा. मागे सरकायला जागा नाही, पाठ दाराला टेकलेली, समोर मखर, वर माटवी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), बाजूला आरतीला उभी राहिलेली वीस माणसं. इथे २४ थोडी अपुरी पडते, २० मध्ये सगळं बसतं, १४ मध्ये तर तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीही येतात आणि गणपती लहान होतो.

हे लहान होणं लोक विसरतात. वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं फार लांब ढकलते. मालवणच्या धक्क्यावर उभं राहून १४ मिमीने सिंधुदुर्ग टिपलात, तर किल्ला पाण्यावर ओढलेल्या रेघेएवढा उरतो. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग काढताना तेच. त्या फोटोला वाइड लागतच नाही, किट लेन्सचं ५० मिमीचं टोक बरं. अल्ट्रा-वाइडला पुढ्यात काहीतरी हवं: होडीची नाळ, सुकत टाकलेलं जाळं, जांभ्याचा भेगाळलेला खडक. ते चार-पाच फुटांच्या आत असलं पाहिजे.

मी सुरुवातीला १४ घेतली होती. आकाश मोठं यायचं, पण घरातले, देवळातले, माणसांचे फोटो त्या लेन्सने मी काढेनासा झालो. वर्षभरात तिच्याऐवजी २० आली आणि ती कॅमेऱ्यावरून फारशी उतरत नाही. फक्त आकाश आणि वास्तू एवढंच काढायचं असेल तर १४ किंवा १६ जरूर घ्या. माणसं आणि आकाश दोन्ही हवं असेल तर २०. माणसं जास्त आणि आकाश कधीमधी, तर २४.

एफ/१.४ साठी जास्त पैसे मोजावेत का?

एफ/१.४ ही एफ/१.८ पेक्षा सुमारे दोन तृतीयांश स्टॉपने फास्ट. उजेडात सांगायचं तर दीडपटीहून थोडा जास्त. त्यासाठी वजन किती वाढतं ते बघा. सोनीची २० मिमी एफ/१.८ जी ३७३ ग्रॅमची आहे, सिग्माची २० मिमी एफ/१.४ सहाशे तीस ग्रॅमच्या आसपास. १४ मिमीमध्ये फरक आणखी मोठा: सोनीची एफ/१.८ ४६० ग्रॅम, सिग्माची एफ/१.४ साधारण ११७० ग्रॅम, आणि ती ट्रायपॉडचा कॉलर घेऊनच येते. ही सिग्मा ज्यांना आकाश हाच विषय आहे त्यांच्यासाठी विचारपूर्वक बनवलेली लेन्स आहे, याबद्दल मला आदरच आहे. पण दशावतार बघायला रात्रभर हातात धरायची तर तिसऱ्या प्रवेशापर्यंत मनगट बोलायला लागतं.

आणखी एक गोष्ट. एफ/१.४ पूर्ण उघडल्यावर कोपरे तितकेच स्वच्छ राहत नसतील आणि तुम्ही ती एफ/२ वरच वापरणार असाल, तर तो जास्तीचा खर्च वाया गेला.

आकाशगंगेसाठी सर्वांत वाइड लेन्सच चांगली ना?

असा समज आहे खरा, पण त्यामागचं गणित उलट आहे. तारा हा बिंदू आहे. तो फोटोत किती ठळक येईल हे मुख्यतः काचेचं उघडं तोंड किती मोठं आहे त्यावर ठरतं. ते तोंड म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा. १४ मिमी एफ/१.८ चं तोंड ७.८ मिमी, २० मिमी एफ/१.८ चं ११.१ मिमी, २४ मिमी एफ/१.४ चं १७.१ मिमी. एफ/१.८ तोच असूनही २० मिमीवर प्रत्येक ताऱ्याचा उजेड १४ मिमीच्या दुप्पट गोळा होतो. म्हणून १४ च्या फोटोत आकाश पसरट आणि तारे बारीक वाटतात.

मग २० मध्ये आकाशगंगा मावते का? मावते. तिचा सर्वांत दाट भाग धनू आणि वृश्चिकाच्या सीमेवर आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला जास्तीत जास्त ४४ अंशांपर्यंत वर चढतो. २० मिमी उभी धरली की तळापासून माथ्यापर्यंत ८४ अंश मिळतात. खाली किनारा, मध्ये ज्येष्ठा आणि मूळ, वर आणखी आकाश, असं सगळं एका फ्रेममध्ये येतं. एप्रिल-मेच्या रात्री अगदी खाली दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकूचा तारकासमूहसुद्धा सापडतो, हे पुण्या-मुंबईच्या उजेडात सहसा नशिबी येत नाही.

दिशेचं मात्र ध्यानात ठेवा. आपला समुद्र पश्चिमेला आहे आणि आकाशगंगेचा हा भाग उगवतो आग्नेयेला, म्हणजे डोंगराच्या बाजूला. फेब्रुवारीत तो पहाटे माडांच्या वर दिसेल. समुद्रावर कललेला हवा असेल तर मे महिन्यात पहाटे चारच्या सुमारास जा, किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी साडेसातला. तेव्हा तो नैर्ऋत्येला असतो. लांबवर बोटींचे दिवे असतील तर क्षितिजावर पिवळट उजेड येतो, त्याला इलाज नाही.

कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख का फुटतात?

त्याला कोमा म्हणतात, आणि त्यात बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझमही मिसळलेला असतो. मध्यावरचा तारा टिंब दिसतो, कोपऱ्यातला उडत्या बगळ्यासारखा. दिवसाच्या फोटोत हा दोष दिसत नाही. दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागल्या की लगेच दिसतो, कारण कडेच्या पणत्यांच्या ज्योती तिरक्या पसरतात. लेन्स निवडताना परीक्षण वाचाल तेव्हा मधल्या शार्पनेसचे आकडे सोडा आणि पूर्ण उघड्या अपर्चरवरचा कोपऱ्यातल्या ताऱ्यांचा नमुना शोधा. अपर्चर एक स्टॉप बंद केलं की हे पंख बरेच आवरतात. कोपरे काळवंडण्याचंही तसंच. या लेन्सांचे कोपरे उघड्या अपर्चरवर दोन-तीन स्टॉप अंधारे असू शकतात. सॉफ्टवेअर ते उजळतं, पण तिथे दाणे वाढतात.

शटर किती सेकंद उघडं ठेवायचं?

जुना ठोकताळा असा: ५०० ला फोकल लेंग्थने भागा. २० मिमीला २५ सेकंद येतात. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट होतात, म्हणून मी ३०० ला भागतो. २० मिमीला १५ सेकंद, १४ ला २१, २४ ला साडेबारा. क्रॉपवर आधी गुणा, मग भागा. चंद्र नसलेल्या रात्री एफ/१.८, १५ सेकंद, आयएसओ ३२०० ही माझी सुरुवातीची जागा. तिथून बघून कमीजास्त.

अंधारात फोकस कसा जुळवायचा?

फोकस रिंग अनंतावर फिरवून सोडू नका. बहुतेक मिररलेस लेन्सांची रिंग काचेला थेट जोडलेली नसते, ती मोटारला इशारा देते, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस हलू शकतो. मॅन्युअलवर घ्या, स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करा, तो सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगला हात लावू नका. सिग्माच्या १४ आणि २० मिमी एफ/१.४ वर फोकस कुलूपबंद करायची कळ आहे. बाकीच्यांना कागदी टेप पुरते.

२० मिमी एफ/१.८ वर तारे फोकसमध्ये असताना पुढची होडी साडेसात फुटांवर असेल तर ती थोडी मऊ येणारच. होडीसाठी दुसरा फोटो वेगळ्या फोकसने काढून नंतर जोडा.

दशावतार, पालखी, भजन यांसाठी ही लेन्स चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते हेच तिचं खरं काम आहे. आकाशगंगा उद्याही तिथेच असते.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत देवळाच्या मागच्या पडवीत मंडळी रंगायला बसली होती. एकच बल्ब, तोही वायरला लोंबणारा. राजाचं काम करणारे काका ट्रंकेवर टेकवलेल्या हातभर आरशासमोर मांडी घालून बसले होते आणि करंगळीने नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत पांढरी रेघ ओढत होते. मी त्यांच्यापासून दोन फुटांवर. एफ/१.८, शटर १/१००, आयएसओ ३२००. त्या अंतरावर फोकसची खोली जेमतेम चार इंच मिळते. करंगळी, रेघ आणि डोळा स्वच्छ आले, आरशातलं प्रतिबिंब मऊ झालं, आणि मागे पखवाजावर डोकं टेकून झोपलेला मुलगाही चौकटीत आला. हे ५० मिमीने झालं नसतं, तितकं मागे जायला जागाच नव्हती. फ्लॅशने तर तो बल्बचा पिवळा उजेड मेला असता. आणि कलाकाराच्या एवढं जवळ जायचं तर आधी विचारायचं, चहा घ्यायचा, बसायचं. कॅमेरा नंतर.

उजेडाबद्दल एक तांत्रिक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोवर पट्टे येत नाहीत. सायलेंट शटरवर १/२५० वगैरे गेलात तर रंगमंचावर काळ्या आडव्या पट्ट्या हमखास. व्हिडिओलाही १/५० ठेवा. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा १/१०० ला कडा थोड्या हलतात. मी त्या हलू देतो, चेहरा स्थिर आला की पुरे.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन असताना फास्ट लेन्स कशाला?

स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरचा नाचणारा माणूस नाही.

ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले लोक जाड का दिसतात?

सरळ रेघा सरळ ठेवणाऱ्या वाइड लेन्सला कडेच्या गोष्टी ताणाव्याच लागतात. यात लेन्सचा दर्जा कमी-जास्त असण्याचा संबंध नाही, हे भूमितीच आहे. अगदी कोपऱ्यात एखादा चेंडू ठेवला तर १४ मिमीमध्ये तो रुंदीच्या सुमारे १.८ पट लांब दिसेल, २० मध्ये दीडपट, २४ मध्ये १.३ पट. आरतीच्या फोटोत आत्याबाईंना कोपऱ्यात उभं करू नका. चेहरे मधल्या दोन तृतीयांश भागात ठेवा, कडेला भिंत, खांब, समई येऊ द्या. कॅमेरा वर किंवा खाली झुकवू नका, सरळ धरा. झुकला की घराचे खांब आत कलतात.

काजवे, चमकणाऱ्या लाटा आणि कासवं: यांच्यासाठी?

तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

काजवे मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर असतात. ट्रायपॉडवर एफ/१.८ किंवा एफ/२, आयएसओ १६००, वीस-पंचवीस सेकंदांचे अनेक फोटो काढून एकावर एक ठेवायचे. लुकलुकणं ही त्यांची जोडीदाराला घातलेली साद आहे. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा स्क्रीन यांनी ती तुटते. दिवे बंद करून बसा, झाडाखाली चालत जाऊ नका, मादी जमिनीलगत असू शकते.

लाटांची निळी चमक, जिला जीवदीप्ती म्हणतात, आपल्याकडे बहुधा थंडीत दिसते. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की चमकतो. इथे फास्ट लेन्सचा खरा उपयोग. लाट हलते, त्यामुळे दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की तिचा आकार पुसून निळा धूर उरतो. एफ/१.८ ला आयएसओ ६४०० वर तेवढ्या वेळात लाट मिळते, एफ/३.५ ला नाही. डोळ्यांना ती चमक फोटोइतकी गडद निळी दिसत नाही, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

वेळासच्या ऑलिव्ह रिडले पिल्लांसाठी ही लेन्स नेऊच नका. वाइडला जवळ जावं लागतं आणि तिथे दोरीच्या मागे राहायचं असतं. पिल्लं उजेडाच्या रोखाने समुद्र शोधतात, त्यामुळे फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. लांब पल्ल्याची लेन्स आणि सकाळचा कोवळा प्रकाश, एवढंच.

कातळशिल्पांचे फोटो काढायला वाइड लागते का?

लागते. कातळशिल्पं म्हणजे सड्यावरच्या, खडकाळ पठारावरच्या, जांभ्यात कोरलेल्या आकृत्या. त्यातला कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की माणसाच्या उंचीवरून तो एका नजरेत येत नाही. तिथे १४-१६ मिमी कामी येते. कॅमेरा उंच काठीवर लावून लेन्स जमिनीशी समांतर ठेवा, नाहीतर आकृतीचं एक टोक फुगतं आणि चित्राची मापं खोटी दिसतात. सकाळचा किंवा संध्याकाळचा आडवा प्रकाश हवा. कोरीव रेघ भर दुपारी पुसून जाते. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं, पाणी ओतणं, आत पाय ठेवणं हे कृपा करून करू नका. रात्री तिथे आकाशगंगेचा बेत असेल तर दिशा घरूनच नकाशावर ठरवून जा. सड्याच्या जांभ्यात लोह भरपूर आहे, आणि देवाचे गोठणेच्या शिल्पाजवळ तर होकायंत्राची सुई भरकटते.

माझ्या कॅमेऱ्यासाठी कोणत्या लेन्सा बघू?

सोनी फुल फ्रेम असेल तर २० मिमी एफ/१.८ जी. स्वस्तात जास्त वाइड हवी तर विल्ट्रॉक्सची १६ मिमी एफ/१.८. ती ५५० ग्रॅमची आहे, पुढे ७७ मिमीचा फिल्टर घेते आणि निकॉन झेडसाठीही मिळते. निकॉनवाल्यांनी झेड २० मिमी एफ/१.८ एस आधी बघावी, ५०५ ग्रॅम. कॅनन आरएफमध्ये २०२५ साली आलेली २० मिमी एफ/१.४ एल आहे, महाग. १६ मिमी एफ/२.८ फक्त १६५ ग्रॅमची आणि परवडणारी, पण ती फास्ट म्हणण्याइतकी उघडत नाही आणि तिचे कोपरे सॉफ्टवेअरने ओढून सरळ केलेले असतात. प्रवासाला छान, ताऱ्यांना बेताची. एल-माउंटवर पॅनासॉनिकची १८ मिमी एफ/१.८ माझ्या मनात भरलेली आहे, ३४० ग्रॅमच्या आसपास.

क्रॉपवर सिग्माची १६ मिमी एफ/१.४ वर्षानुवर्षं लोक वापरत आहेत आणि ती जवळजवळ सगळ्या माउंटसाठी (कॅमेऱ्याला लेन्स जोडायच्या खाचेसाठी) येते. त्याहून वाइड म्हणजे विल्ट्रॉक्सची १३ मिमी एफ/१.४ किंवा सोनीची ११ मिमी एफ/१.८, जी १८१ ग्रॅमची आहे. फुजीची स्वतःची १६ मिमी एफ/१.४ जुनी, २०१५ ची, तरी सील असलेली (धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून सांधे बंद केलेली) आणि अजून उत्तम. मायक्रो फोर थर्ड्सला पॅनासॉनिक लायकाची ९ मिमी एफ/१.७, अवघी १३० ग्रॅम.

झूम का नको?

लग्नं करत असाल तर झूमच घ्या. एफ/२.८ ची वाइड झूम एफ/१.८ पेक्षा जेमतेम सव्वा स्टॉपने मागे आहे आणि मंडपात लेन्स बदलायला वेळ नसतो. फक्त रात्रीसाठी घ्यायची तर प्राइम हलकी, स्वस्त आणि जास्त उजेडाची.

फिल्टरचा एवढा आग्रह का?

आरे-वारेच्या खडकांवर लाट फुटते तेव्हा जो फवारा उडतो तो वाळला की काचेवर मिठाचे कण बसतात. ते कोरड्या कापडाने पुसलेत तर काचेवरच्या थरावर ओरखडे उठतात. पुढे ६७ किंवा ७७ मिमीचा साधा संरक्षक फिल्टर असेल तर तो काढून गोड्या पाण्याखाली धरता येतो. बऱ्याच १४ मिमी लेन्सांची पुढची काच डोळ्यासारखी बाहेर आलेली असते, तिला पुढे फिल्टर लागतच नाही, मागच्या बाजूला जिलेटिनचा तुकडा सरकवायची सोय असते. त्याने मीठ अडत नाही.

ताऱ्यांचे फोटो काढताना मात्र फिल्टर काढून ठेवा, दिव्यांची प्रतिबिंबं उमटतात. मीठ बसलंच तर आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड, मग लेन्स टिश्यू. सील असलेली लेन्स म्हणजे पाण्यात बुडवायची लेन्स नव्हे, तरी माउंटला रबरी कडा असलेली घेतलीत तर खाऱ्या वाऱ्यात ती जास्त टिकते. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर विहिरीच्या पाण्याने धुवा.

रात्री लेन्सवर बाष्प धरतं, काय करू?

एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट किनाऱ्यावर लेन्स काढलीत की ती क्षणात पांढरी होते. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. माघ-फाल्गुनात पहाटे दहिवर पडतं तेव्हा लेन्सभोवती पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा गुंडाळा. पुसत बसू नका, पुसण्यात फोकस हलतो.

पावसाळ्यात बुरशी कशी टाळायची? तांदळाच्या डब्यात ठेवली तर?

तांदळात नको, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. जमलं तर ड्राय कॅबिनेट घ्या. आणि लेन्स वापरत राहा.

एका पावसाळ्यात माझी लेन्स आषाढ-श्रावणभर कापडी बॅगेत कपाटात राहिली. गणपतीत काढली तर आत कोळिष्टकासारखे धागे. साफ करायला दिली, धागे गेले, पण परत आली तेव्हा डाव्या कोपऱ्यातले तारे कायमचे पसरलेले होते. आतली एक काच किंचित तिरकी बसली होती. ती लेन्स आता फक्त दिवसा वापरतो, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

जुनी लेन्स घेताना काय तपासायचं?

वरच्या अनुभवाने शिकलेली तपासणी सांगतो. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाका आणि पुढून तिरकं बघा. धागे किंवा धुरकट डाग दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा. मग रात्री, अपर्चर पूर्ण उघडून, लांबचा एकच दिवा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून चार फोटो काढा. चारही कोपरे सारखेच खराब असतील तर तो लेन्सच्या रचनेचा गुण, चालेल. एकच कोपरा वेगळा असेल तर काच सरकलेली आहे. विकणारा रात्री भेटायला तयार नसेल तर भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवून तेच करा. नवी घेतलीत तरी पहिल्या आठवड्यात हे करा, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत.

अमावास्येला किनाऱ्यावर ट्रायपॉड कुठे लावू?

लेन्स कितीही चांगली असो, इथे चूक झाली तर ती पाण्यात जाते, म्हणून हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी उत्तर देतो. ताऱ्यांसाठी सर्वांत काळोखी रात्र अमावास्येची, आणि उधाणाची भरतीही तेव्हाच. आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अमावास्येला पंधराचे पाऊणपट, सव्वाअकरा. म्हणजे अमावास्येला रात्री नऊला ओल्या वाळूवर ट्रायपॉड लावलात तर पुढचे दोन तास पाणी तुमच्याच दिशेने येत असतं, आणि डोळा स्क्रीनला लावून बसलेल्याला ते कळत नाही. पहाटे चार-पाचला ओहोटी सरत आलेली असते. मागे राहिलेल्या ओल्या वाळूचा आरसा होतो आणि २० मिमी गुडघ्याच्या उंचीवर आणली की मूळ नक्षत्र त्यात उतरलेलं मिळतं.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या एका आजोबांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, “दर्याक पाठ करू नको, झिला.” तेव्हापासून किनाऱ्यावर ट्रायपॉड उभा करण्याआधी मी वाळूवरची सुकलेल्या कचऱ्याची रेघ शोधतो. आदल्या भरतीचं पाणी तिथपर्यंत आलेलं असतं. बॅग तिच्या वर, आणि मीही.